ऐकू न येणारा चौथा

गिरणी भंगारात दिली त्या दिवशी भंगारवाल्याने मला विचारलं, "बाबा, ह्या पेटीला इथेच काय झालंय?"

दाणे ओतायची वरची लाकडी पेटी. तीस वर्षं तिच्यावर पिठाचा थर बसत आलेला, करडा, चिकट. पण एका बाजूला दोन तळव्यांएवढी जागा चकचकीत होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत. मी म्हटलं, "इनासचे हात." त्याला काय कळणार? त्याने पेटी उचलली आणि टेम्पोत टाकली.

मंदा असती तर तिने ती पेटी जाऊ दिली नसती. मंदा माझी बायको. चैत्रात गेली. मला असल्या गोष्टी वेळेवर सुचत नाहीत. टेम्पो भुईगावच्या वळणाला दिसेनासा झाला तेव्हा सुचलं. म्हणून आता लिहून ठेवतो. चौथी शिकलेला माणूस आहे मी, जसं येईल तसं लिहीन.

इनास आमच्याच गल्लीतला, तीन घरं सोडून. केळीची वाडी होती, बांधाला मोगरा. पंधरा वर्षं बोटीवर काढली, इंजिनखोलीत फिटर म्हणून. नव्वदनंतर कधीतरी कायमचा घरी आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. बोटीवरून येणारे लोक टीव्ही आणायचे, घड्याळं आणायचे. हा पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेटी घेऊन आला. लग्न केलं नाही. दारूला शिवायचा नाही, पण गावात कुणाचा त्यावर विश्वास नव्हता, कारण केस. खांद्याखाली केस, आणि बांधायला केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची दोरी. वाडीत हाताशी तेच असतं, म्हणायचा. रविवारी मिस्साला पांढरा सदरा घालून जायचा, पण आतला काळा बनियन आणि त्यावरची कवटी सदऱ्यातून दिसायची. फादर कवटीकडे बघायचे, इनास छताकडे बघायचा.

खिशात कायम एक पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्याने एक अक्षर लिहिलेलं मी बघितलं नाही. कॅसेटची टेप सैल झाली की तिच्या चाकात पेन्सिल घालून फिरवायला ती होती.

ते गाणं म्हणजे काय होतं, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "थ्रॅश मेटल, भाऊ. थ्रॅश म्हणजे झोडणं. भात झोडतात ना, तसं."

"भात झोडल्यावर दाणे पडतात. ह्यातून काय पडतं?"

"ऐका. पडेल."

त्याच्या घरी ऐकायची सोय नव्हती. त्याची आई, मारियामावशी, घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे देव्हाऱ्यासमोर, ती कॅसेट लावू देत नसे. "ये भुताचं गानं माझ्या सायबीनीसमोर नको," म्हणायची. सायबीन म्हणजे त्यांची मारिया माता. "जा त्या गिरनीत. तिथं तसाच आवाज असतो." म्हणून तो गिरणीत आला. यायचा तो शुक्रवारी. शुक्रवारी दिवसभर वीज नसायची, गिरणी बंद. मी त्या दिवशी दगड उघडून टाकी मारत बसायचो, म्हणजे दगडावरचे बोथट झालेले चर छिन्नीने पुन्हा कोरायचे. माझी ठकठक चालू आणि इनासची टेप सहा सेलवर चालू. कुणालाच त्रास नाही.

एका शुक्रवारी शेखर आला. मूळचा साताऱ्याकडचा, छापखान्यात नोकरी, शुक्रवारी सुट्टी, स्टेशनकडे नव्या बिल्डिंगीत राहायचा. तिशीतला. वरचा ओठ अख्खा झाकेल अशी झुपकेदार मिशी, चहा प्यायला तर आधी मिशी प्यायची. ज्वारीचा डबा घेऊन आला होता. मी म्हटलं, वीज नाही, उद्या या. तो हलला नाही. डबा काखेत धरून टेप ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे बरे आहेत. पण दुसरे ह्यांच्यापेक्षा भारी आहेत."

इनासने टेप बंद केली. "कोण?"

शेखरने नाव सांगितलं. इनास म्हणाला, "बसा." झालं. त्या 'बसा'पासून पुढे दहा-बारा वर्षं ते दोघं माझ्या गिरणीत बसले.

इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसायची नाहीत. मी कॅसेटवरच्या चित्रांवरून नावं पाडली. इनासच्या आवडत्यांच्या कॅसेटवर जळका पूल होता, ते पूलवाले. शेखरच्यांच्या कॅसेटवर लोखंडी दातांचं तोंड होतं, ते दातवाले. पुढे ते दोघंही हीच नावं वापरायला लागले.

"इनासदादा, तुमच्या पूलवाल्यांच्या मागे कुत्रं लागलंय का हो? एवढं कशाला पळतात?"

"पळत नाय. घाई आहे त्यांना. घाई वेगळी, घिसाडघाई वेगळी."

"आमचे दातवाले बघा. एकेक ठोका विटेसारखा ठेवतात."

"विटाच ठेवतात. भिंत होते. गाणं नाय होत."

"आणि पाचव्या आल्बमला काय झालं तुमच्या लोकांना? केस कापले, हळू गायला लागले. लग्नात लावता येईल असली गाणी."

"पाचवा धरायचा नाय," इनास म्हणायचा. "माणूस घरात म्हातारा झाला म्हणून त्याच्या जवानीची कुस्ती रद्द होते काय?"

"मग ढोलवाला घ्या. आमचा दोन्ही पायांनी वाजवतो."

"दोन्ही पायांनी तर आमचा बैलपण चालतो."

मंदा चहा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहायची. तिला त्या ओरडण्याचं नवल वाटायचं. एकदा विचारलं, "भावजी, हा एवढा कुणावर चिडलाय?"

इनास म्हणाला, "पोरांना लढाईला पाठवतात त्यांच्यावर."

"मग नीट सांगावं की. ओरडल्यावर कोण ऐकतं?"

"वहिनी, नीट सांगितल्यावर कोण ऐकतं?"

मंदाने विचार केला आणि म्हणाली, "ते पण खरं." नंतर मला पीठ चाळायला सांगताना दोनदा ओरडली.

मला त्या गाण्यांपेक्षा ह्या दोघांचंच कुतूहल जास्त. एकाची केळी पाण्यावाचून उभी, दुसऱ्याची बायको घरी वाट बघतेय, आणि हे पोत्यावर बसून कुठल्या परक्या मुलखातल्या माणसांसाठी गळ्याच्या शिरा ताणतायत. मी स्पष्टच विचारलं, ह्यातून तुम्हाला मिळतं काय?

शेखर म्हणाला, "काका, मी दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका छापतो. एक दिवस कुणीतरी माझं मत विचारतं. खोडून काढायला का होईना, विचारतं."

इनास पेन्सिलीने टेप आवळत होता. तो म्हणाला, "बोटीवर इंजिन कधी थांबत नाय. जेवताना तोच आवाज, झोपताना तोच. डोकं फिरायची पाळी आली होती. मग एका खलाशाने ही कॅसेट दिली. आवाज तोच, भाऊ. पण कुणीतरी त्याला वळण लावलेलं."

हे मला कळलं. मी गिरणीवाला आहे. अंगणात बसून सांगायचो, पट्टा सरकलाय, दगड घासतोय, बेअरिंग कोरडं पडलंय. कान हीच माझी विद्या. त्या दिवसांत इतर वारी इनास दळण घेऊन आला की, पट्टा थांबता थांबता, कुठूनतरी बारीक शिट्टी यायची. मी बेअरिंगला तेल घालून घालून थकलो, ती शिट्टी मला सापडली नाही. तेवढी एकच.

ह्या कानांमुळेच घोळ झाला.

पूलवाल्यांच्या पहिल्या कॅसेटवर चार माणसांचा फोटो होता. दोघे गिटारवाले, त्यातलाच एक ओरडणारा. एक ढोलवाला. आणि चौथा जाड तारांची गिटार वाजवणारा. शेखरचं म्हणणं, हा चौथा फोटोपुरताच आहे, कॅसेटमध्ये तो ऐकूच येत नाही. इनासचं म्हणणं, आहे. दोन महिने हाच वाद. शेवटी शेखर म्हणाला, "चौथा निघाला तर मिशी उतरवतो."

"नाय निघाला तर मी केस कापतो," इनास म्हणाला. "भाऊ ठरवतील. त्यांना इंग्रजी येत नाय, कुणाचं तोंड माहीत नाय. आणि एवढा कान पंचक्रोशीत कुणाला नाय."

मला मान वाटला, खोटं कशाला बोलू. टाकी बाजूला ठेवली, डोळे मिटले, तेच गाणं तीनदा ऐकलं. म्हटलं, "तीन."

"भाऊ, नीट ऐका."

"ऐकलं. तीनच आहेत. चौथा नाही."

इनास उठला. केसांचं सोपट सोडलं, बोटाला गुंडाळलं आणि न्हाव्याकडे गेला. मारियामावशीने त्यांच्या देवळात मेणबत्ती लावली आणि मला वेलची केळ्यांचा घड आणून दिला. "किती वरसांचं माझं मागनं तू पुरं केलंस," म्हणाली. मी चार दिवस ताठ मानेने फिरलो.

पुढच्या शुक्रवारी टेपचे सेल उतरले होते. गाणं म्हशीसारखं रेंगाळायला लागलं. शेखर नवे सेल आणायला नाक्यावर गेला. इनास पोत्यावर बसून बोटांनी ठेका धरत होता, आणि तो ठेका जुन्याच वेगाचा होता. टेप रेंगाळतेय, बोटं पळतायत. त्याने गाणं संपवलं, मान हलवली, उठला आणि टेप बंद करून कॅसेट उलटी घातली. आत गाणं अजून अर्धं बाकी होतं.

माझ्या हातात छिन्नी तशीच राहिली.

घरी मंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कळलं तुम्हाला?"

"तुला माहीत होतं?"

"कानामागे मशीन होतं त्यांच्या, केसांखाली. शिट्टी वाजायची त्याची. तुम्ही आपले बेअरिंगला तेल घालत बसायचात. मी त्यांच्याशी समोर उभी राहून बोलते, कधी बघितलं नाहीत? केस गेले, आता लाजेपायी मशीन घालत नाहीत." मग तिने सूप खाली ठेवलं. "दगडाचं दुखणं तुम्हाला अंगणातून कळतं. आणि माणूस शेजारी बसलाय."

सकाळी त्याच्या वाडीत गेलो. तो केळीला पाणी सोडत होता. मागून दोनदा हाक मारली, वळला नाही. समोर जाऊन उभा राहिलो. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "तुला ऐकू येत नाही."

त्याने फावडं टेकवलं. "डावा कान बोटीवरच गेला. उजवा जातोय."

"मग मशीन घाल."

"केस वाढू देत."

"शेखरला सांगतो. तो काय हसणार नाही."

त्याने माझं मनगट धरलं. मातीचा हात, घट्ट. "नाय भाऊ. शप्पथ घ्या. त्याला कळलं तर तो भांडायचा नाय. हो हो म्हणेल. बहिऱ्याला सगळे हो हो म्हणतात, बोटीवर बघितलंय मी. एक म्हातारा फिटर होता, त्याच्याशी शेवटी कुणी वाद घालत नव्हतं. गावात माझ्याशी भांडणारा एकच माणूस आहे. तो पण गेला तर मी काय करू? केळीशी बोलू?"

मी शपथ घेतली. मग विचारलं, "कॅसेटी ऐकतोस कशा?"

"पाठ आहेत. ट्रंकभर."

"आणि तो चौथा?"

"चौथा आहे. तुम्ही चुकलात." सरळ तोंडावर म्हणाला. "तो मलापण कानाने कधी ऐकू आला नाय. बोटीवर फळीच्या बिछान्यावर उशाशी टेप ठेवून झोपायचो. तेव्हा पाठीला लागायचा."

पुढच्या शुक्रवारी मी नवे सेल घालून टेप आपल्या हाताने त्या लाकडी पेटीवर ठेवली. इनासने पेटीच्या बाजूला दोन्ही तळवे टेकवले. थोड्या वेळाने डोळ्यांनीच मला खूण केली. मी हात ठेवला.

वर तिघं झोडत होते, ते मला कानाने येत होतं. पण लाकडातून काही दुसरंच हाताला लागत होतं. जाड, सावकाश, त्या तिघांच्या खालून चाललेलं. दगड फिरायला लागतात आणि अजून दाणा पडलेला नसतो, तेव्हा जमीन जशी हलते तसं. मी खूप वेळ हात काढला नाही. इतकी वर्षं कानावर पोट भरलं, आणि एवढा मोठा माणूस माझ्या कानांतून सुटला होता.

"शेखर," मी म्हटलं, "माझा निकाल चुकला. चौथा आहे."

"काका, तुम्ही फितूर झालात!"

"हात ठेव."

त्याने ठेवला. बराच वेळ ठेवला. पेटीकडे बघितलं, मग इनासच्या हातांकडे, मग इनासच्या तोंडाकडे. मग हात काढून ओरडला, "हे नाही चालणार! ऐकायचं ठरलं होतं. हात लावायचं ठरलं नव्हतं!"

"आहे की नाय ते सांग," इनास म्हणाला.

"आहे. पण म्हणून तुमचे पूलवाले काही मोठे होत नाहीत. चार माणसं घेऊन तीनच ऐकू येतात, ही काय कामाची रीत झाली?"

आणि जुंपली. इनासचा चेहरा असा उजळला होता की मारियामावशीने बघितलं असतं तर तिने दुसरी मेणबत्ती लावली असती.

पुढच्या शुक्रवारी शेखर मिशी उतरवून आला. वरचा ओठ उन्हात न गेलेला, गोरापान, कोंब फुटल्यासारखा. मंदा पदर तोंडाला लावून पायरीवरच बसली. "अहो शेखर, गावाला जाऊ नका. आई दारातून परत पाठवेल."

वर्षाच्या आत इनासचे केस वाढले, मशीन परत आलं, शिट्टीही आली. मी तिला तेल घातलं नाही. पुढे मशीनचाही उपयोग उरला नाही, कॅसेटी जाऊन सीडीच्या तबकड्या आल्या, स्टेशनकडे शेतं संपून बिल्डिंगी आल्या. शुक्रवार चालू राहिले. पेटी तेवढ्या जागी घासत गेली. इनासचा आवाज चढत गेला, कारण आपण किती मोठ्याने बोलतो ते त्याला कळत नव्हतं. शेखरही तसाच मोठ्याने बोलायचा. मला वाटायचं, वादात आवाज चढतोच. मी शपथ पाळत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

मारियामावशी गेली. परदेशात असलेल्या बहिणीने इनासला तिकडे बोलावून घेतलं. पाच-सहा वर्षांनी तिथेच तो वारला. तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मंदाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, आज गिरणी लावू नका.

ह्या वैशाखात शेखर भेटायला आला, मंदाचं कळलं म्हणून. आता तोही पिकलाय. बराच वेळ बसला. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी इनासचा विषय काढला आणि म्हटलं, "आता सांगायला हरकत नाही, शेखर. त्याला ऐकू येत नव्हतं. मला शपथ होती."

शेखरने माझ्याकडे बघितलं. "काका, मी मिशी हरलो म्हणून काढली. पण परत का ठेवली नाही, हे तुम्ही कधी विचारलंत?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. इनासचे केस वाढले होते. ह्याची मिशी आजवर वाढली नाही.

"त्या दिवशी पेटीवर त्यांचे हात बघितले, तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "ते माझ्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखत होते. मिशीत अर्धे शब्द अडकायचे. मग म्हटलं, भांडायचं तर ओठ मोकळा पाहिजे."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी दया करतोय. आणि काका, खरं सांगू? मी एकदाही त्यांना मुद्दाम जिंकू दिलं नाही. दातवालेच भारी आहेत."

तो गेल्यावर मला इनास निघाला तो दिवस आठवला. तो शुक्रवार नव्हता, वीज होती, गिरणी चालू होती. इनास नवा सदरा घालून निरोप घ्यायला आला आणि सवयीने पेटीला हात टेकवून उभा राहिला. शेखर सुट्टी काढून आला होता, तो पेटीच्या पलीकडे समोर. मी तांदूळ ओतत होतो. गिरणी चालू असली की सगळेच बहिरे, आपला आवाज आपल्यालाच येत नाही. त्या घरघरीत ते दोघं भांडत होते. शेखरची मान पुढे, उघडा ओठ पिठाने पांढरा झालेला, एकेक शब्द फोडून बोलतोय. इनास बघतोय, मान हलवतोय, नाय नाय करतोय, एक हात पेटीवर आणि दुसऱ्याने हवेत विटा रचून भिंत पाडून दाखवतोय. केसांचं सोपट सुटून खांद्यावर आलेलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असणार. ते आम्हाला मंदाने हातवारे करून सांगितलं.

ती दाराशी उभी होती, वाटेत खायला द्यायच्या लाडवांचा डबा हातात. मला तिचे ओठ दिसत होते. विचारत होती, अजून कशावरून भांडतायत?

मी ओरडून सांगितलं. तिला काही ऐकू गेलं नाही. पण ती हसली, आणि डबा न देता तशीच उभी राहिली, त्यांचं संपेपर्यंत.